बाप्तिस्मा झाला, आता सुवार्ता सांगायची आहे: साक्ष आणि कीर्तन कसं बसवावं?

रानमोगरा:

जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीत यंदा सहा जणांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांपैकी चौघं आपापल्या घरातले पहिलेच विश्वासणारे, बाकी सगळं घर जुन्या धर्मात. नाताळाच्या आठवड्यात या सहा जणांनी साक्ष द्यावी, म्हणजे आपण ख्रिस्ताकडे कसे आलो ते लोकांपुढे सांगावं, आणि शेवटच्या संध्याकाळी कीर्तन ठेवावं, असं तरुणसंघात ठरतंय. कीर्तन करणारं सध्या कोणी नाही, बसवावं लागेल. ऐकायला गावातले बिगरख्रिस्ती लोकही येतील.

विचारायचं आहे ते असं. माणूस ख्रिस्ती झाल्यावर सुवार्ता सांगायला लागतो, ते नेमकं कसं घडतं? प्रत्येक जण रेव्हरंड टिळकांचं नाव घेतो, पण त्यांच्या बाबतीत आधी काय आणि मग काय, हे नीट कोणी सांगत नाही. दुसरं, साक्ष किती मिनिटांची असावी, तिच्यात काय घ्यावं, काय गाळावं? तिसरं, कीर्तनाला किती माणसं, किती तयारी लागते आणि कुठे फसतं?

प्रवचन नको, कामाचं सांगा.

---

जुनीपोथी:

टिळकांचा क्रम आधी सांगतो, कारण तो बहुधा चुकीचा सांगितला जातो. बाप्तिस्मा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून भजनं-कीर्तनं सुरू, असं काही घडलं नव्हतं.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. ख्रिस्ताशी ओळख होण्याआधीच ते कवी होते, वक्ते होते, संस्कृत जाणत होते, नागपुरात राहून 'ऋषि' नावाचं मासिकही चालवत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्यांना धरून ठेवलं ते मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायातल्या गिरिप्रवचनाने. पुढची जवळजवळ दोन वर्षं वाचन, प्रश्न आणि पत्रव्यवहार यांत गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर ते अहमदनगरला (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांत आले आणि शिकवण्याच्या कामाला लागले. पाळकपणाची दीक्षा झाली १९०४ मध्ये. म्हणजे बाप्तिस्मा आणि दीक्षा यांत नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत ते गप्प नव्हते, पण व्यासपीठ हे त्यांचं पहिलं ठिकाण नव्हतं. १९१२ पासून मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे आलं. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत ही कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले.

आता तुमचा 'कसं घडतं' हा प्रश्न. टिळकांनी हातातलं काही टाकलं नाही, हे माझ्या मते त्याचं उत्तर आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघड म्हणत. त्यांच्या आधी मराठी मंडळ्यांत जी गीतं गायली जात, त्यांतली पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरं होती, चालीही तिकडच्याच. शब्द मराठी, पण जिभेवर बसत नसत. टिळकांनी अभंग, ओवी, पदं यांतून लिहिलं आणि आज मराठी उपासनेत त्यांची गीतं शेकड्यांनी आहेत. कवी होतेच, कवीच राहिले. फक्त कवितेचा धनी बदलला.

हेच इतरांतही दिसतं. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ चा, बेळगावचा. त्यांच्या हाती लेखणी होती. तीन वर्षांत, १८५७ मध्ये, 'यमुनापर्यटन' आलं. विधवांच्या दुःखावरचं ते पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखलं जातं. पुढे काही काळ पाळकपण केलं, पण जन्मभराची सुवार्तासेवा झाली ती लेखनातूनच. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीतले पंडित. मिशनऱ्यांना वादात हरवायला गेले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन बसले. मग जी दर्शनं शिकले होते त्याच दर्शनांवर 'षड्दर्शनदर्पण' लिहिलं. वादपटू माणूस, त्याने वादातूनच सांगितलं. पंडिता रमाबाईंच्या शंका फिटायलाही पुढे त्यांचंच लेखन उपयोगी पडलं. एकाचं धर्मांतर दुसऱ्यापर्यंत पोचलं ते असं, लेखनाच्या वाटेने.

म्हणून तुमच्या सहा जणांना आधी हे विचारा: बाप्तिस्म्याआधी तुमच्या हातात काय होतं? कोणी भजनी मंडळात टाळ वाजवत असेल, कोणी शिवण शिकवत असेल, कोणी हिशेबात पक्का असेल. सगळ्यांच्या हाती माईक देऊ नका.

---

मेंढवाडा:

जुनीपोथी यांनी नऊ वर्षांचं सांगितलं ते फार बरं झालं. १ तीमथ्य ३:६ मध्ये अध्यक्ष नवशिका नसावा असं स्पष्ट आहे, कारण तो गर्वाने फुगून पडतो. पण तिथे गोष्ट पदाची आहे, बोलण्याची नाही. पौलाने दिमिष्कात लगेचच बोलायला सुरुवात केली (प्रेषितांची कृत्ये ९:२०). मग जीवावर बेतलं, पाटीत बसवून रात्री गावकुसावरून खाली सोडावं लागलं. यरुशलेमेत त्याच्यावर कोणाचा विश्वास बसेना, तेव्हा बर्णबाने हात धरून नेलं (९:२७). पुढे तो तार्ससला परत गेला, आणि पुन्हा बर्णबाच त्याला शोधून अंत्युखियाला घेऊन आला (११:२५-२६). प्रत्येक नव्या विश्वासणाऱ्याला एक बर्णबा लागतो. तुमच्या सहा जणांसाठी सहा नावं आजच लिहून काढा. पाळकांवर सगळं टाकलं तर एकालाही पुरेसा वेळ मिळणार नाही.

आता साक्ष. नमुना प्रेषितांची कृत्ये २६ मध्ये तयार आहे. अग्रिप्पा राजापुढे पौल बोलतो त्यात ओव्या ४ ते ११ म्हणजे आधीचं जीवन, १२ ते १८ म्हणजे ख्रिस्ताची भेट, १९ ते २३ म्हणजे त्यानंतर काय झालं. आठ, सात आणि पाच ओव्या. आपल्याकडच्या साक्षी ऐकल्या तर निम्म्याहून अधिक वेळ 'आधी'तच जातो. दारू किती प्यायचो, भांडणं किती करायचो, कर्ज किती होतं. ऐकणाऱ्याच्या लक्षात दारू राहते, प्रभू राहत नाही.

हाच अध्याय २२ व्या अध्यायाशेजारी ठेवून वाचायला द्या. माणूस तोच, घटना तीच. पण २२ मध्ये ऐकणारे यहूदी आहेत, म्हणून पौल इब्री बोलीत बोलतो, गमलिएलापाशी शिकलो हे सांगतो, दिमिष्कात आपल्याकडे आलेला हनन्या नियमशास्त्राप्रमाणे चालणारा भक्तिमान होता हे आवर्जून सांगतो. २६ मध्ये राजा ऐकतोय, तिथे हनन्याचा उल्लेखही नाही. खोटं काहीच नाही, समोर कोण आहे हे पाहून निवड केलेली आहे. नव्या माणसाला हे एकदा कळलं की पाठ केलेली एकच साक्ष तो सगळीकडे म्हणत नाही.

वेळ चार मिनिटं. सावकाश मराठी बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे चारशे शब्द, वहीची दोन पानं. आधी लिहायचं, मग वही बंद करून बोलायचं. 'आधी'ला एक मिनिट, 'भेटी'ला दीड, 'नंतर'ला दीड. 'भेट' या भागात शास्त्रातलं एकच वचन किंवा एकच प्रसंग घ्यावा आणि तो कुठून आहे हे सांगावं. बाप्तिस्म्याची तारीख सांगितलीच पाहिजे असं नाही. 'नंतर' मध्ये घरच्यांना दिसलेला बदल यावा, आणि अजून न सुटलेली एखादी गोष्टही यावी. सगळं सुटलं असं सांगणाऱ्याला शेजारी ओळखतात.

गाळायचं काय तर पहिल्यांदा जुना धर्म. कुलदैवत, पोथी, वारी, व्रत यांच्याविषयी उणा शब्द नको. समोर त्याच घरातली आजी बसलेली असते. प्रभूने काय दिलं हे सांगायला दुसऱ्याचं काढून दाखवावं लागत नाही. बरं होण्याविषयी सांगायचं असेल तर जेवढं झालं तेवढंच सांगावं. औषध चालू असेल तर तेही सांगावं, आणि प्रार्थना केली म्हणून औषध सोडा असं कोणालाही सुचवू नये. नोकरी लागली, पोर झालं, जमिनीचा खटला जिंकला अशा गोष्टींवर साक्ष उभी करू नका. पुढच्या वर्षी नोकरी गेली तर ऐकणारा काय समजेल?

आणि आपली मंडळीतली भाषा. 'मला तारणाचा अनुभव आला, अभिषेक झाला, ओझं मिळालं' हे आपल्याला कळतं, चावडीवर बसलेल्या माणसाला नाही. 'ओझं मिळालं' म्हणजे त्याला वाटतं काही संकट आलं. 'तारण' बँकेत ठेवतात. हे शब्द वापरायचे तर पुढच्याच वाक्यात उकलून सांगा, नाही तर साधा शब्द घ्या. तालमीला एखादा बिगरख्रिस्ती मित्र बसवा आणि न कळलेला प्रत्येक शब्द त्याला कागदावर लिहायला सांगा. एवढी एक गोष्ट केलीत तरी साक्षी निम्म्या सुधारतील.

---

केडगावची_वाट:

वरच्या दोन्ही उत्तरांत 'बाप्तिस्मा झाला, मग सुवार्ता' अशी सरळ रेघ दिसते. ती नेहमी सरळ नसते, आणि पंडिता रमाबाई त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहेत.

त्यांचा बाप्तिस्मा सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. १८८९ मध्ये त्या परत आल्या आणि ११ मार्चला मुंबईत शारदा सदन ही विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा उघडली. पुढच्या वर्षी ती पुण्याला नेली. आणि १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायचा राहिला होता. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. सुवार्तेची तळमळ त्यानंतरची.

तेव्हाही त्यांनी मुलींवर सक्ती केली नाही. आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायचं, एवढंच. मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. तरीही वादळ उठलंच. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. सक्ती नसली तरी किंमत द्यावी लागते, हे तुमच्या सहा जणांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी ते गांगरणार नाहीत.

पुढे १८९६ च्या दुष्काळातल्या मुली केडगावला आल्या, रमाबाईंचा तिथला आश्रम, मुक्ती सदन, वाढला. १९०५ मध्ये तिथे मोठी आत्मिक जागृती झाली. ती भाषणांनी सुरू झाली नव्हती. आधी कित्येक महिने रोजच्या प्रार्थनेची मंडळं चालली होती. मग रमाबाईंनी विचारलं की अभ्यास थोडा बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीसेक मुली पुढे आल्या. त्या रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या आणि जागृतीची सुरुवात त्या मुलींमधूनच झाली. क्रम पाहा: प्रार्थना, मग निवड, मग पुन्हा प्रार्थना, आणि मग पाठवणी. आपण निवड करतो आणि दुसऱ्याच दिवशी पत्रकं वाटायला धाडतो.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्र असावं म्हणून रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि एकटीने संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं. अक्षरजुळणी, छपाई ही कामं केडगावच्या छापखान्यात बायकांनीच केली. काम पुरं होतं न होतं तोच एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारी ती बाई कधी व्यासपीठावर उभी राहिली नसेल, पण सुवार्तेच्या कामात ती कोणापेक्षा कमी नव्हती. तुमच्या सहापैकी एखाद्याला चारचौघांत बोलता येत नसेल तर त्याला बळेच उभं करू नका.

---

टाळकरी:

कीर्तनाचं मी सांगतो.

ख्रिस्ती कीर्तन नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी ते सुरू केलं, आणि कृष्णराव सांगळे यांचं नाव त्यात अग्रभागी आहे. घाट नारदीय कीर्तनाचाच: नमन, पूर्वरंग (मूळपद आणि त्याचं निरूपण), मध्यंतर, उत्तररंग (आख्यान, म्हणजे गोष्ट), शेवट. हा घाट मोडू नका. गावातल्या माणसाला पुढे काय येणार हे ठाऊक असतं, म्हणून तो सैल होऊन ऐकतो.

माणसं सहा. कीर्तनकार, पेटी, तबला, झांज, आणि मागे उभे राहून पद उचलणारे दोघं. कीर्तनकाराच्या हाती चिपळ्या. ढोलकी आणि ऑर्गन दोन्ही टाळा. एकीमुळे लोकांना तमाशा आठवतो, दुसऱ्यामुळे चर्च.

एकूण वेळ सव्वा तास. नमनाला पाच मिनिटं, मूळपद आणि त्याचं निरूपण वीस, मध्यंतराचं भजन सहा-सात, आख्यान पस्तीस, आणि पुन्हा मूळपदावर येऊन प्रार्थना, आरती मिळून आठ. पहिल्यांदा करणारे लोक पूर्वरंगात चाळीस मिनिटं घालवतात, कारण तिथे उपदेश करता येतो. मग आख्यान उरकावं लागतं आणि लोक ज्यासाठी आले होते तेच हातचं जातं. समोर घड्याळ ठेवा आणि पंचविसाव्या मिनिटाला झांजेवाल्याने भजनाचा ठेका धरायचाच, असं ठरवून टाका. कीर्तनकार बोलत असला तरी.

पहिल्या खेपेला आख्यान उधळ्या पुत्राचंच घ्या, लूक १५:११ ते ३२. वाटणी मागणारा धाकटा, राबणारा थोरला, वाट पाहणारा बाप, ही माणसं आपल्याकडे प्रत्येक भावकीत असतात, ओळख करून द्यावी लागत नाही. परदेशी नावं जवळजवळ नाहीत. मूळपदासाठी टिळकांचा एखादा अभंग निवडा. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारणारे अभंग त्यांनी लिहिले आहेत, ते या आख्यानाला फार शोभतात.

आख्यानात पदं सहा-सात पुरेत, वेगवेगळ्या वृत्तांतली. मुलगा घर सोडतो तिथे दिंडी, पैसा उडवतो तिथे कटाव, डुकरांच्या शेंगांपाशी संथ ओव्या, बाप धावतो तिथे साकी, मेजवानीला पद. थोरल्या भावाच्या तोंडी गाणं घालू नका, त्याचं सगळं बोलण्यातच ठेवा. तो गात नाही हेच ऐकणाऱ्याला लागतं.

स्वतः रचणार असाल तर मोजून रचा. दिंडीच्या चरणात १९ मात्रा, नऊ मात्रांनंतर थांबा. साकी १६ आणि १२. मोठ्या अभंगात मात्रा नाहीत, अक्षरं मोजायची: सहा, सहा, सहा, चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं. 'ख्रिस्त', 'येशू', 'क्रूस' हे शब्द कुठे बसतात ते आधी गाऊन पाहा. 'क्रूस' समेवर आला तर चांगला दणकतो, मध्ये आला तर गिळला जातो. गाजलेल्या आरतीची चाल घेऊन तिच्यात आपले शब्द भरू नका. ज्यांची ती आरती आहे त्यांना ते दुखावणारं असतं, आणि ऐकणारा मनात मूळचेच शब्द म्हणत राहतो. सिनेमाच्या चालींचंही तेच.

पेटीवरची पट्टी पुरुषाला काळी एक किंवा दोन, बाईला काळी चारच्या आसपास. नवा कीर्तनकार उत्साहात उंच पट्टी धरतो आणि आख्यानापर्यंत घसा बसतो. बोलून बोलून आवाज चढतो हे लक्षात घेऊन तालमीत सोयीची वाटते त्यापेक्षा अर्धा स्वर खालीच ठेवा. अभंगांना भजनी ठेका, पदांना केरवा किंवा दादरा. तबलजीला तीन ठेके आले की भागतं.

तयारी सहा आठवडे, आठवड्यातून दोन संध्याकाळी. पहिले दोन आठवडे फक्त पदं, सगळ्यांची तोंडपाठ. मधले दोन आठवडे फक्त बोलणं, पेटी बंद ठेवून. शेवटचे दोन एकत्र, उभं राहून, पूर्ण सव्वा तास. मधला टप्पा सगळे टाळतात, आणि म्हणूनच कीर्तन गाण्यांच्या कार्यक्रमासारखं होतं.

---

रानमोगरा:

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा बर्णबांची यादी आजच करतो.

दोन गोष्टी राहिल्या. सहापैकी एका मुलीने अजून घरी सांगितलेलं नाही, पण तिला साक्ष द्यायची फार इच्छा आहे. तिला पुढे करावं का? आणि कीर्तन चर्चच्या आवारात न ठेवता गावच्या चौकात ठेवलं तर कायद्याने काही अडचण?

---

कायदेवाचक:

चौकाचं आधी. संविधानाच्या कलम २५ प्रमाणे धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात हे स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा तो हक्क नव्हे. व्यवहारात याचा अर्थ असा की कीर्तनातून सांगा, पण तिथेच 'कोण कोण तयार आहे, हात वर करा, नाव लिहा' असलं काही नको. बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांवर राज्याराज्यांत वेगवेगळे कायदे आहेत, तुमच्या जिल्ह्यातल्या वकिलाकडून आजची स्थिती विचारून घ्या. चादरी, धान्य, वह्या असं काहीही त्या दिवशी, त्या ठिकाणी वाटू नका. मदत करायची तर ती वेगळ्या वेळी, सगळ्यांना सारखी, आणि ऐकण्याची अट न घालता.

चौकासाठी ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणं या दोन्हीकडे आगाऊ लेखी अर्ज द्या, पोच घेऊन ठेवा. ध्वनिक्षेपकासाठी वेगळी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर बंद असतो. साडेसातला सुरू केलंत तर सव्वा तास, वर साक्षींचा वेळ, तरी दहाच्या आत आटोपतं.

आणखी एक गोष्ट, आणि ती पुष्कळदा दाबून ठेवली जाते. अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे त्याला त्या प्रवर्गाचा दर्जा राहत नाही. तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरताच आहे. हे चूक की बरोबर हा वाद जुना आहे. पण बाप्तिस्म्याआधी माणसाला हे स्वच्छ सांगणं हा सुवार्तेच्याच प्रामाणिकपणाचा भाग आहे. तुमच्या सहांपैकी कोणाला हे लागू होत असेल आणि सांगितलं गेलं नसेल, तर आता तरी बसून सांगा.

साक्षींचं चित्रीकरण करणार असाल तर ज्याची त्याची लेखी संमती घ्या, आणि फोटो कोणत्या गटावर जाणार हेही त्यात लिहा. घरच्यांना बातमी मोबाइलवरून कळली की त्याचे परिणाम नव्या विश्वासणाऱ्याला एकट्याला भोगावे लागतात.

---

मेंढवाडा:

त्या मुलीविषयी. घरी सांगितल्याशिवाय चारचौघांत साक्ष नको. मार्क ५ मध्ये बरा झालेला माणूस येशूबरोबर यायला विनवतो, आणि येशू त्याला नको म्हणून आपल्या घरी, आपल्या लोकांकडे पाठवतो (५:१८-१९). तो घरून सुरुवात करून दकापलीसभर सांगत गेला. पुढे सातव्या अध्यायात येशू त्याच प्रांतात येतो, तेव्हा लोक आपण होऊन बहिऱ्या माणसाला घेऊन येतात. मधल्या काळात कोणी सांगितलं असेल ते ओळखायला फार विचार नको.

घरी सांगताना सणाचा दिवस, लग्नघर, आजारपण टाळावं. आधी आईला, एकटीला. पहिलंच वाक्य 'मी धर्म बदलला' असं नसावं. 'मी तुझीच मुलगी आहे, मी कुठे जात नाही' हे आधी यावं, कारण आईची भीती तीच असते. देव्हाऱ्याला हात लावू नये, पूजेच्या वेळी तोंड फिरवून बसू नये. घरातली कामं आधीपेक्षा कमी नाही, थोडी जास्तच करावीत. प्रसाद, नैवेद्य यांचं काय करायचं हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच येतो, तेव्हा १ करिंथ ८ आणि १० हे अध्याय तिच्या बर्णबाने, म्हणजे मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने, तिच्याबरोबर आधीच वाचून घ्यावेत.

आई रडेल, बोलणं टाकेल. त्याला उत्तर देत बसू नये.

---

केडगावची_वाट:

यात टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची आठवण ठेवावी. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत एकत्र आल्या तेव्हाही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी त्यांच्या मनातला जातिभेद गळाला, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. आणि टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य पुढे लिहीत नेलं ते याच लक्ष्मीबाईंनी. वादात हरवून आणलेलं माणूस असं काम करत नाही.

म्हणून त्या मुलीला नाताळची तारीख लावू नका. तिला खरंच काही करायचं असेल तर टाळकऱ्यांनी सांगितलेल्या, मागे उभे राहून पद उचलणाऱ्या दोघांत तिला घ्या. पण तेही घरी सांगून झाल्यावरच, आणि आई यायला तयार असेल तर तिला बसायला पुढची नव्हे, दाराजवळची जागा ठेवा, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर कोणाच्या नजरेला न पडता जाता येईल.